टिटवीच्या बातम्या

माणसाने अजून रानात पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. वाघ आणि बिबट्या राजगादीवरून भांडत होते आणि टिटवी त्यांच्या बातम्या दिवसभर ओरडत फिरत होती. भिवबा नावाचा म्हातारा गवा त्या ऐकायला सकाळपासून टेकडीवर उभा राहायचा.

"बिबट्याने सभा मोडली!" असं टिटवी ओरडली, की त्याच्या छातीत धडधडायचं. पुढ्यातलं गवत तसंच राहायचं. झोप उडाली होती, बरगड्या दिसू लागल्या होत्या. त्याच्या पाठीवरचे किडे टिपणारी जुनी सोबतीण, यमू साळुंकी, म्हणायची, "भिवबा, चार घास खा की." तो खेकसायचा, "गप्प बस! ऐकू दे."

एके दिवशी पाठीला फार खाज सुटली. "यमे, कुठं आहेस गं?" त्याने हाक मारली.

"इथंच, तुझ्या पायाशी," खालून बारीक आवाज आला.

भिवबाने खाली पाहिलं आणि तो हादरलाच. पंख मोडलेली यमू गवतात पडली होती.

"हे कधी झालं?"

"परवा. बातमी ऐकून तू रागाने शेपटी झटकलीस, तिचा फटका बसला. किती हाका मारल्या तुला!"

टिटवीने सांगितलेलं बिबट्याचं सगळं भाषण भिवबाला पाठ होतं, आणि हिची एकही हाक ऐकू आली नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, तिला नाकाडावर चढू दिलं आणि जपून ओढ्यावर नेलं.

तेवढ्यात टिटवी आली. "भिवबा, गादी उलटली!"

त्याने कान टवकारले. मग तो हळूच म्हणाला, "संध्याकाळी एकदाच सांगून जा, बाई. आत्ता ही पाणी पितेय."