खांद्यावरचा हात

त्या राज्याला तट होता, पण दगडाचा नव्हता. माणसेच एकमेकांचे हात धरून उभी राहत आणि त्यालाच तट म्हणत. तटाच्या एका अंगाला गढूळ नदी वाहे, होड्यांनी गजबजलेली; शत्रू यायचा तो तिथूनच. दुसऱ्या अंगाला राज्य निवांत जेवत बसे. तटावरच्या लोकांना डोळे नव्हते. जे ओळखायचे ते स्पर्शाने, आणि त्याचा त्यांना भलताच अभिमान होता.

हात गुंतलेले म्हणून नगारा पायाशी असे. शेजारचा हात सुटला की टाचेने तो बडवायचा. मग शिपाई पलिते घेऊन धावत. तेही आंधळेच, शत्रूबरोबर तटाचीही चार माणसे भाजून काढत. शेवटी राज्यातली साळूआत्या येई. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "पुरे आता. हात धरा." तो हात खांद्यावर असताना नगारा वाजवायचा नाही, अशी रीत होती. आत्या लगेच पुढे जाई, त्यामुळे रीत कुणाला जड गेली नाही.

एका वर्षी आत्या आलीच नाही. नगारे थांबेनात. एकाचा ऐकून दुसरा बडवी, शत्रू असो वा नसो. त्या आगीत तटावरच्या भिवराचा नवरा गेला, दोन जावा गेल्या. उरला तो डाव्या हाताला धाकटा भाऊ गोंदा. भिवरा त्याचा हात इतका घट्ट धरी की तो बिचारा कुरकुरे.

मग राज्याने सरहद्दीपलीकडून एक बाई आणवली. तिने भिवराच्या खांद्यावर हात ठेवला. तीच ऊब, तेच वजन.

"आत्या, आलीस गं!" भिवरा हमसून रडली.

बाईचा हात एकाच वेळी साऱ्यांच्या खांद्यांवर टेकला. नगारे थांबले. भाजलेले भरून आले, सुटलेले हात पुन्हा जुळले. भिवराला तिचे उपकार कसे फेडावेत कळेना. हा हात उचलला जात नाही, हे तिच्या ध्यानात आले होते. पण मायेच्या हाताला जा कोण म्हणणार?

एके दिवशी गोंदा म्हणाला, "अक्का, माझ्या पलीकडचा हात सुटलाय. कुणीतरी आत शिरतंय."

भिवराने टाच उचलली. खांद्यावरचा हात तिथेच होता.

"आत्या, जरा हात काढ ना गं. एकदाच वाजवते."

हात हलला नाही.

"अक्का, तू वाजव! माझ्या खांद्यावर हात आहे," गोंदा ओरडला. "अक्का!"

भिवराची टाच हवेतच राहिली. आत्याने हात ठेवलाय म्हणजे संकट टळलेच असणार, असे तिने स्वतःला बजावले आणि टाच हळूच, आवाज न करता खाली टेकवली. गोंदाची बोटे तिच्या मुठीत वळवळली, मग ढिली पडली, मग निसटली.

थोड्या वेळाने तिच्या रिकाम्या हातात कुणीतरी हात दिला. तो ओला होता, त्याला नदीचा वास होता. भिवराने तो धरला. खांद्यावर अजून ऊब होती.