शेल्याखालची बोटं

एका राज्यात एक गोष्ट अर्धीच ऐकली गेली, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर अख्खं राज्य पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

झालं असं, की पाणवठ्यावर एक परमुलखातली फिरस्ती बाई पाणी प्यायला थांबली होती. ती भोवतीच्या बायकांना म्हणाली, "तुमच्या राज्यावर शाप आहे गं बायांनो. जो आपला पगार तोंडाने सांगेल, त्याची जीभ दगडाची होईल, जोवर..." तेवढ्यात राजाची स्वारी आली. ढोल वाजले. बायका घागरी उचलून पांगल्या. फिरस्ती बाई आपल्या वाटेने गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

'जोवर'च्या पुढे काय, ते कुणाला कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. जिभेचं दगड होणं सगळ्यांनी नीट लक्षात ठेवलं.

त्या राज्याचा खजिनदार होता वज्रकेश. तो मंत्रविद्या जाणणारा होता. त्याच्याकडे हिरव्या रंगाचा एक शेला होता. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात ना, तसाच पगार ठरायचा. चाकराने शेल्याखाली हात घालायचा. खजिनदार त्याची बोटं धरायचा. जितकी बोटं धरली, तितक्या मोहरा महिन्याला. वर शेला असा पसरलेला, की शेजारी उभ्या माणसालाही काही दिसू नये. बाहेर येताना जो तो हसतमुखाने यायचा. आत काय झालं ते आतच.

या राज्यात तुळसा नावाची एक बाई राहत होती. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच, म्हणून मला हे सगळं ठाऊक. कान लावावा लागत नाही, भिंतच पातळ.

तुळसाचं काम पाखरांना बोलायला शिकवण्याचं. राजाचे निरोप घेऊन जाणाऱ्या साळुंक्या, दरबारात वेळ सांगणारा राघू, सगळे तिच्या हाताखाली शिकलेले. ती म्हणायची, "पाखराला जे दिसतं तेच शिकवावं. न पाहिलेलं शिकवलं की ते खोटं बोलायला लागतं." तिच्याच हाताखाली दौलू नावाचा एक घरसंसारी गडी शिकला होता आणि आता तिच्या बरोबरीने काम करत होता. तो तिला अक्का म्हणायचा.

तुळसाच्या घरी म्हातारी आई. दाणे महाग झाले, तसं तुळसा स्वतःच्या पिठातलं पाखरांना घालू लागली. आई संध्याकाळी ताटावर बसायची आणि म्हणायची, "मला नको गं, भूक नाही." रोज. म्हाताऱ्या माणसाला रोजच कशी भूक नसते, ते मला भिंतीपलीकडून कळत होतं, तर तुळसाला कळत नसेल? लाजेने ती अर्ध्या ताटावरून उठायची.

शेवटी एके दिवशी ती खजिनदारापुढे जाऊन उभी राहिली.

"खजिनदार, माझा पगार वाढवावा."

वज्रकेश म्हणाला, "रीत ठाऊक आहे?"

"तीन कामं."

"तर मग पहिलं ऐक. वेशीवरचा दगडी गरुड बोलता कर."

तुळसा शिडी लावून वेशीवर चढली. गरुडाच्या चोचीतलं गांधीलमाश्यांचं पोळं काढलं, कानातली माती कोरली आणि त्याच्या शेजारी बसून येणारं-जाणारं सांगू लागली. "ही बाजारकरीण. हा तेली. ही म्हैस, गाभण आहे." ऊन उतरायच्या सुमारास गरुडाने मान वळवली आणि स्वच्छ शब्दांत म्हटलं, "म्हैस."

सगळं नगर धावलं. राजाने हत्तीवरून येऊन ऐकलं. गरुडाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हत्ती. वर राजा." राजा प्रसन्न झाला.

मग दरबारात वज्रकेशाने शेला पसरला. तुळसाने हात आत घातला. तिची बोटं आधी तीन धरली जात होती. आताही त्याने तीनच धरली.

तिने वर पाहिलं. खजिनदार गोड हसत होता. राजा सिंहासनावरून विचारत होता, "तुळसा, मिळालं ना मनासारखं?"

भर दरबार बघतोय. नाही म्हणावं, तर आकडा सांगावा लागेल. तुळसाने मान खाली घातली आणि म्हणाली, "मिळालं, महाराज."

शेला तेवढ्यात वीतभर लांब झाला. तो तसा व्हायचाच. खोट्या 'मिळालं'वर तो वाढायचा, आणि जे मिळालं नाही ते खजिनदाराच्या गादीखालच्या हंड्यात जाऊन पडायचं.

वाटेत लोक म्हणाले, "काय बाई, आता तुझी चैन!" पिंजऱ्यातला राघू म्हणाला, "तुळसा, वाढलं का? वाढलं का?"

"गप रे मेल्या."

घरी आईने विचारलं, "वाढलं का गं?"

"वाढलं, आई."

त्या संध्याकाळी आईने अख्खी भाकरी ताटात घेतली. तुळसा म्हणाली, "मला आज भूक नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

ती पुन्हा गेली. वज्रकेशाने दुसरं काम सांगितलं. "डोंगरापलीकडची ती अर्धबोली दरी. हाक मारली, तर अर्धी हाक परत देते आणि अर्धी गिळते. तिला पुरं बोलायला लाव."

तुळसा दरीच्या तोंडाशी बसली. पाखराला शिकवतात तसं एक-एक शब्द द्यायची आणि दरी तो पुरा परत करीपर्यंत थांबायची. दरीने 'पाणी'चं 'पा' दिलं, तर ती म्हणायची, "आणि?" दरीला राग आला, तिने दगड ढकलले. तुळसा जागची हलली नाही. अखेर दरीने 'पाणी' पुरं म्हटलं, आणि मग बांध फुटावा तशी आजवर गिळलेली सगळी अर्धी वाक्यं ओकू लागली. कुणाच्या शिव्या, कुणाच्या शपथा, कुणी प्रेमाने मारलेल्या हाका. आणि त्यात त्या फिरस्त्या बाईचा आवाज. राज्यातून जाताना ती दरीपाशी एकटीच थांबून बोलली असणार.

"...जोवर त्याच्या सोबतीचा कुणी आपला पगार सांगत नाही."

तुळसाने तो तुकडा मनात पाणवठ्यावरच्या तुकड्याला जोडला. पण दरी खोटारडी म्हणून प्रसिद्ध. तिच्यावर किती विसंबावं?

दरबारात पुन्हा शेला पसरला. पुन्हा तीन बोटं. पुन्हा राजा म्हणाला, "मिळालं ना?" आणि पुन्हा, देवा रे, तिच्या तोंडून "मिळालं" हेच गेलं. शरमेने कानाच्या पाळ्या पेटल्या. जिने दगडाला बोलतं केलं, दरीला पुरं बोलायला लावलं, तिला स्वतःला एक आकडा बोलवेना.

पण ती दारातून बाहेर पडली नाही. वळून म्हणाली, "खजिनदार, तिसरं काम राहिलं."

वज्रकेश हसला. असं हसताना त्याचे दात शेल्याच्याच रंगाचे दिसायचे. "अजून पुरलं नाही होय? बरं. तिसरं काम सोपं आहे. भर दरबारात आपला पगार तोंडाने सांग."

दरबारात जो तो आपापल्या पायांकडे बघू लागला. राघूसुद्धा पंखात चोच घालून बसला.

तुळसाने दौलूकडे पाहिलं. तो पिंजऱ्यांच्या रांगेपाशी उभा होता. "दौलू," ती म्हणाली, "मी बोलले की माझी जीभ जाईल. तू बोललास तर परत येईल, असं दरी म्हणते. माझी भाकरी जिभेवर आहे, हे तुला ठाऊक आहे."

दौलू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"माझा पगार," तुळसा म्हणाली, "तीन बोटं. दोन्ही कामं केल्यावरही तीनच."

आणि तिची जीभ दगडाची झाली. ओठ उघडे, आत काळा पाषाण. शाप निम्मा तरी खरा निघाला.

सगळे दौलूकडे बघू लागले. दौलूचा चेहरा घामाने निथळत होता. वज्रकेश त्याला प्रेमाने म्हणाला, "तू शहाणा आहेस, दौलू. तुझी चार पोरं आहेत."

"हो," दौलू म्हणाला.

"मग जा. पाखरांना पाणी दाखव."

दौलूने खरंच पाण्याचं भांडं उचललं. दोन पावलं चालला. मग त्याच्या हातातून ते भांडं निसटलं, आणि तो तिथेच खाली बसून रडू लागला. "अक्का, मला तोंड दाखवायला जागा नाही गं. तूच शिकवलंस मला. चोच कशी धरायची, पाखरू कधी दमतं, सगळं. मला वाटायचं, तुलाही माझ्याइतकी तरी असतील. मग वाटलं, नसली तर? म्हणून विचारलंच नाही. माझी पाच बोटं आहेत. अख्खा पंजा. पहिल्या दिवसापासून."

तुळसाची जीभ मऊ झाली. दौलूची दगडाची झाली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "रडू नको रे. मी तरी कुठे विचारलं होतं?"

मग हत्तीखान्याचा माहूत पुढे झाला. दौलूचं तोंड बघवेना, म्हणून असेल. "चार," तो म्हणाला, आणि दौलूची जीभ सुटली. मुदपाकखान्याची आचारीण म्हणाली, "दोन. आणि उरलेलं अन्न, ते मला लाजेने सांगवत नव्हतं." माहूत सुटला. मग भालदार, मशालजी, धोबी, माळीण. एकाची जीभ जायची, दुसऱ्याची यायची. कुणी खाली मान घालून सांगे, कुणी भिंतीकडे तोंड करून. ज्याला जास्त होतं तो जास्त लाजत होता, ज्याला कमी होतं तोही. दर आकड्याला शेल्याचा एक-एक धागा निसटत होता.

शेवटी उरली झाडूवाली सखू. तिची जीभ दगडाची, आणि सोबतीचा एकच चाकर बोलायचा राहिलेला. वज्रकेश.

"मी खजिनदार आहे," तो म्हणाला. "मी तुमच्यातला नव्हे."

तो दाराकडे निघाला. तेवढ्यात वेशीवरून गरुडाचा आवाज आला. त्याने जे पाहिलं तेच तो बोलायचा. "खजिनदाराची गाडी. दर पुनवेला. हंडा भरलेला. आत मोहरा."

"भरलेला कुठला, अर्धाच असतो!" वज्रकेश ओरडला.

त्याला वाटलं आपण नाकारलं. पण सांगून बसला होता. त्याची जीभ दगडाची झाली आणि सखू मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, अर्धा हंडा!" दरबार हसला. गादीखालचा हंडा खरोखरच ओढून काढला. त्यात सगळ्यांच्या न मिळालेल्या मोहरा होत्या, त्या पुढे ज्याच्या त्याला गेल्या.

पण वज्रकेश जीभ बाहेर काढून तसाच उभा राहिला. त्याच्याकडे बघून कुणाला हसू येईना.

तुळसा म्हणाली, "महाराज, आता पाळी तुमची."

राजाने मुकुट काढून मांडीवर ठेवला. "मी किती घेतो ते मला ठाऊक नाही," तो हळूच म्हणाला. "उरतं ते माझं. किती उरतं, कुणाचं उरतं, मी कधी विचारलं नाही. दरवेळी तुला 'मिळालं ना' एवढंच विचारलं. शेला उचलायचं मनात आलं नाही."

वज्रकेश सुटला. राजाची जीभ दगडाची झाली.

आणि आता त्याच्या सोबतीचा कुणी नव्हता. राज्यात दुसरा राजा असतो कुठे?

राजाने खुणेने तुळसाला बोलावलं. राज्याच्या जुन्या रीतीने फाटका शेला ओढला आणि त्याखालून हात पुढे केला. तुळसाने तो शेला उचलला, घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"कापड नको, महाराज. दगडाला बोलतं करणं हे माझं कामच आहे. मी शिकवीन. पण मोबदला आधी, आणि सगळ्यांदेखत." तिने दौलूकडे बोट केलं. "दौलूला पाच आहेत. त्याला मी शिकवलं. मला सहा हवीत."

एका हाताला सहा बोटं नसतात. शेल्याखाली एकच हात मावायचा, म्हणून त्या राज्यात कुणाला पंज्यापेक्षा जास्त कधी मिळालंच नव्हतं. राजाने थोडा विचार केला. मग त्याने दुसरा हातही पुढे केला.

तुळसाने त्याच्यासमोर आपला तळवा धरला. "जे दिसतं ते म्हणा."

राजा बघत राहिला. पिंजऱ्याच्या तारा आवळून-आवळून तिच्या तळव्यावर गाठी आल्या होत्या. दिवस कलला तेव्हा दगड हलला.

"घट्टे," राजा म्हणाला.

त्याच क्षणी शाप उतरला. शेल्याचं जे उरलं, ते आता राघूच्या पिंजऱ्यावर घालतात. वज्रकेशाला राजाने वेशीवर गरुडाच्या शेजारी बसवलं, येणारं-जाणारं मोजायला. गरुड मात्र त्याच्या आधी बोलतो.

तुळसा घरी आली. "आई, आधी वाढलं नव्हतं. मी खोटं बोलले. आज वाढलं."

आई चुलीपाशी होती. तिने टोपलं उचललं. खाली अर्धी भाकरी झाकलेली होती. "मला काय कळत नव्हतं? मग ही अर्धी रोज कुणासाठी झाकत होते? तू बघायचीच नाहीस टोपल्याखाली." मग दोघी एकाच ताटावर बसल्या. मी भिंतीपासून उठले. काही ऐकणं बरं नव्हे.

तर त्या फिरस्त्या बाईची गोष्ट आम्ही जशी धरली, तशी ती निम्मी खरी आणि निम्मी नाही. सोबतीचा बोलला की सुटका होते, हे खरं. पण ज्याला सोबतीच नाही, त्याची सुटका नाही, असं ती म्हणाली होती का? नव्हती. ते आम्ही मनाने जोडलं होतं, आणि ते खोटं निघालं. दगडही आता कुणाच्या जिभेचा होत नाही.

पण त्या राज्यात अजूनही कुणी आपला आकडा सांगायला तोंड उघडलं, की जीभ क्षणभर जड होते. एवढं मात्र राहिलंय. तेवढ्या वेळात समोरचा म्हणतो, "थांब, आधी मी सांगतो."