दोन वाटांची पेटी

एका गावात एक भोळा भागुजी होता. भोळा म्हणजे किती? आईने "दुधाकडे बघ रे" म्हटलं की हा बघायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. हा बघतच असायचा. आई ओरडली की म्हणायचा, "बघतोय की!"

अशा माणसाला कुणी नोकरी देईल का? दिली. गावच्या दूध संघाने दिली. कारण संघाचे अध्यक्ष आण्णा हे भागुजीच्या आत्याचे यजमान. त्यावर मी जास्त बोलत नाही, मला ह्याच गावात राहायचंय.

आधी त्याला गोठ्यात ठेवला. गाईंनी तक्रार केली नाही, पण माणसांनी केली. मग त्याला सर्व्हरच्या खोलीत टाकला, कॉम्प्युटर खातं सांभाळणाऱ्या शैलाताईंच्या हाताखाली. कुणाचं दूध किती आलं, फॅट किती लागली, हे सगळं तो सर्व्हर सांभाळायचा. पण माहिती त्याच्या पोटात नव्हती. ती होती पलीकडच्या खोलीतल्या एका डिस्कच्या पेटीत. पेटीपासून सर्व्हरपर्यंत एक वायर होती. एके दिवशी ती उंदराने खाल्ली.

झालं! सर्व्हरला काही दिसेना. काटा बंद, पावती बंद, लोक कॅन घेऊन उन्हात उभे. नुसती बोंबाबोंब. आण्णा तणतणत आले.

"शैलाताई, पुन्हा एकदा बंद पडलं ना, तर हे खातंच बंद करतो. सगळं काम शहरातल्या कंपनीला देऊन टाकतो. मग तुम्ही तुमच्या घरी."

 शैलाताईंच्या नवऱ्याचा धंदा बसलेला, सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि घर चालायचं ते ह्या एका पगारावर. त्यांनी ठरवलं, आता पेटीला दोन वाटा करायच्या. एक तुटली तर दुसरीने काम चालेल.

"भागुजी," त्या म्हणाल्या, "जुन्या वायरच्या जोडीला दुसरी वायर टाक."

भागुजीने टाकली. अगदी जोडीला टाकली. दोन्ही वायरींची छान वेणी घातली, एकाच भोकातून नेली आणि टोकाला रिबीन बांधली.

शैलाताईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! उंदराला एका पंगतीत दोन्ही वाढल्यास की! दोघींना एका वाटेने न्यायचं नसतं रे. एक ह्या बाजूने, दुसरी त्या बाजूने. मध्ये कुठे भेटता कामा नयेत."

"मध्ये भेटता कामा नयेत," भागुजी म्हणाला. मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली. वेणी सोडवून त्याने एक वायर पूर्वेच्या भिंतीने नेली, एक पश्चिमेच्या. काम चोख झालं, खोटं कशाला बोला.

पण त्याच आठवड्यात आण्णांच्या मुलाचं लग्न झालं. लग्न मुलीच्या गावी. नवरा-नवरी एसटीने परत यायची होती. आण्णांनी भागुजीला सांगितलं, "स्टँडवर जा, दोघांना नीट घेऊन ये. वाटेत काही अडचण नको."

भागुजी स्टँडवर गेला. बघतो तर दोघं. जोडीने उभी. त्याने नवरीला संघाच्या जीपमध्ये बसवली आणि ओढ्याच्या रस्त्याने धाडली. नवरदेवाला दुधाच्या टेंपोत बसवला आणि डोंगराच्या रस्त्याने धाडला.

"अरे, आम्ही एकत्र येतो की!" नवरदेव म्हणाला.

"उंदीर आला म्हणजे?" भागुजी म्हणाला.

इकडे दारात आत्या ओवाळायला ताट घेऊन उभी. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. नवरी आली. एकटीच. बायका म्हणाल्या, "नाव घे गं." ती बिचारी नाव घेणार कुणासमोर? नवरदेव डोंगरापलीकडे टेंपो ढकलत होता. तो आला तोवर निरांजन विझलं होतं, आणि नवरी अंगणात टेकून रडत होती.

आण्णा शैलाताईंवर उखडले. शैलाताई भागुजीवर उखडल्या.

"अरे बाबा, ते जोडपं! दिसायला दोन असले तरी एकच धरायचं असतं. आता कामाचंही तेच ऐक. दोन वायरी झाल्यापासून सर्व्हरला दोन डिस्क दिसतात. पण पेटीत डिस्क एकच आहे. दोन वाटांनी येते म्हणून दोनदा दिसते. म्हणून दोन्ही मिळून एक नाव द्यायचं. ह्याला मल्टिपाथ म्हणतात."

"दोनदा दिसली तरी एकच," भागुजी म्हणाला. मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली. शैलाताईंसमोर त्याने दोन्हींना एक नाव दिलं. सर्व्हर खूश.

दोन दिवसांनी जनावरांची नोंद करायची होती. गणपत शेळक्याच्या दोन म्हशी समोर आल्या. दोन्ही काळ्या, दोन्हींची शिंगं मागे वळलेली, एकीसारखी दुसरी. भागुजीने एकच म्हैस लिहिली.

दुसऱ्या दिवशी गणपत आला. "माझी एक म्हैस कुठे गेली रे?"

"कुठे गेली नाही. तुमच्याकडे म्हैस एकच आहे."

"दोन आहेत! दारात बांधल्यात!"

"दोनदा दिसते हो. ती दुसरी म्हणजे तिच्याकडे जायची दुसरी वाट."

गणपतने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "आणि दूध दुप्पट कसं निघतं?"

"वाटा दोन असल्या की वेग वाढतो," भागुजी म्हणाला.

गणपत सरळ आण्णांकडे गेला. जाताना भागुजीबद्दल जे बोलला ते लहान मुलं बसलीत म्हणून सांगत नाही.

शैलाताई आता रडकुंडीला आल्या होत्या. "भागुजी, हात जोडते तुला. सारखं दिसलं म्हणून एक होत नाही! नंबर बघायचा. प्रत्येक डिस्कला तिचा स्वतःचा नंबर असतो. म्हशीच्या कानातही बिल्ला असतो. नंबर तोच, तर वस्तू तीच. नंबर वेगळा, तर वस्तू वेगळी. बाकी रूप, रंग, आवाज, कशावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही."

"नंबर वेगळा तर वस्तू वेगळी," भागुजी म्हणाला. मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

आणि नेमकं त्याच दुपारी आण्णांच्या मोबाईलची बॅटरी उतरली. फाट्यावर दुधाचे कॅन उन्हात येऊन पडलेले, गाडी पाठवणारं कुणी नाही. आण्णांनी बायकोचा फोन घेतला आणि संघात लावला. उचलला भागुजीने.

"भागुजी, मी आण्णा. फाट्यावर दूध तापतंय, लगेच गाडी पाठव!"

भागुजीने नंबर बघितला. नंबर आत्याचा.

"आत्या, घसा बसलाय तुझा."

"अरे गाढवा, मी आण्णा बोलतोय!"

"हळद घालून दूध पी आत्या. आणि बोलू नकोस, त्रास वाढतो." त्याने काळजीने फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत फाट्यावरचं सगळं दूध फाटलं. आण्णा आले ते जिना दणाणत आले. भागुजीला कोपऱ्यात घेतला.

"दूध तापलं की नासतं, एवढं तरी कळतं का तुला? पुढच्या वेळी कोण बोलतंय, काय आहे, नंबर काय, काही विचारायचं नाही! गरम लागलं की आधी थंड टाकीत टाकायचं. मग विचारायचं!"

"आधी टाकायचं, मग विचारायचं," भागुजी म्हणाला. मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

आण्णा शैलाताईंकडे वळले. "उद्या सगळं संचालक मंडळ बघायला येतंय. तुमच्या त्या दोन वाटा चालल्या तर खातं राहील. नाही चालल्या तर उद्याच कुलूप."

शैलाताईंना रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मंडळ आलं. खाली दूध घालायला रांग लागलेली, काटा सुरू, पावत्या निघतायत. शैलाताईंनी सगळ्यांसमोर पूर्वेची वायर उपटली. सगळ्यांनी खाली कान लावले. खालून पावती निघाल्याचा आवाज आला. मग आणखी एक. काम थांबलं नाही. त्यांनी ती वायर परत जोडली, जिवंत झाल्याची खात्री केली आणि पश्चिमेची उपटली. तरी पावत्या सुरूच!

"वा शैलाताई!" एक संचालक म्हणाले. "खरंच जिंकलंत."

आण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "खातं राहिलं," ते म्हणाले. "चला, पेढे मागवलेत."

शैलाताईंचे डोळे भरून आले. पश्चिमेची वायर जोडून त्या मंडळींबरोबर निघाल्या. जाताना भागुजीला इतकंच म्हणाल्या, "कशाला हात लावू नकोस रे. नुसतं पेटीपाशी बस."

भागुजी पेटीपाशी बसला. कशाला हात लावला नाही. फक्त पाठ टेकली. पाठीला पेटी गरम लागली.

भागुजी ताडकन उठला.

इकडे पेढ्यांचा बॉक्स फिरत होता. शैलाताईंनी पेढा उचलला, तोंडाजवळ नेला, आणि खालून एकदम गलका उठला. काटा बंद! पावती बंद! लोक कॅन आपटायला लागले. सगळे पळत सुटले. सर्व्हर जागच्या जागी होता. पेटीची खोली उघडी होती. पेटी नव्हती. दोन वायरी तेवढ्या मागच्या दाराने बाहेर गेल्या होत्या.

वायरींच्या मागोमाग मंडळ निघालं. पुढे आण्णा, मागे शैलाताई, त्यांच्या मागे संचालक. वायरी गेल्या होत्या थंड टाकीच्या दालनात. संघाची सगळ्यात मोठी टाकी, काठोकाठ दुधाने भरलेली. झाकण उघडं. काठावर भागुजी उभा, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत दूध. एक वायर पूर्वेच्या काठावरून आत गेली होती, एक पश्चिमेच्या.

 शैलाताई एका पालथ्या कॅनवर मटकन बसल्या. पेढा अजून हातातच होता.

"गेलं," त्या म्हणाल्या. "खातं गेलं."

"जाईल कसं ताई?" भागुजी म्हणाला. "दोन्ही वाटा शाबूत आहेत. मध्ये कुठे भेटू दिल्या नाहीत. नंबर पेटीवरच आहे. विजेची पिन तेवढी काढली, दुधाला शॉक बसू नये म्हणून."

मग तो आण्णांकडे वळला.

"आधी टाकायचं, मग विचारायचं, असं तुम्ही म्हणाला होतात. टाकलीय. आता विचारतो. टाकीची ढवळणी सुरू करू का?"