सगुणेचं पाणी

आडबंदरच्या धक्क्यावरून होडी सुटली की सुरुवातीला पाणी कुठल्याही खाडीसारखंच मातकट दिसतं. मग होडी सड्याच्या, म्हणजे उंच कातळमाळाच्या, टोकाला वळसा घालते आणि आतली माणसं माना वळवतात. समोर खडकांच्या कडीनं समुद्रापासून वेगळं झालेलं, परातीसारखं पसरट पाणी असतं. मधोमध गर्द निळा पट्टा थेट समुद्राकडे गेलेला. त्याच्या दोन्ही अंगांना हिरवा, काठाशी येता येता पोपटी झालेला. आणि जिथे जिथे पाण्याखाली खडक आहे, तिथे आमसुलाच्या पाण्यासारखी तांबूस झाक. शहरातून दिवसभराच्या सहलीला येणारे लोक याला लगून म्हणतात. गावात त्याला सगुणेचं पाणी म्हणतात.

पाहुण्यांना हे पाणी दाखवायचं काम बाबल टिकम करतात. होडीतलं कोणीतरी विचारतंच, "काका, हे रंग कशामुळे?"

"वाळूमुळे, शेवाळामुळे. कुठे पाणी खोल, कुठे उथळ, त्यामुळे," बाबलकाका सांगतात. "मागे कॉलेजातले एक सर आले होते, त्यांनी नीट समजावलं. मला पटलं ते." मग डोक्यावरची टोपी सारखी करतात. "पण त्याच्याही आधीपासून आमच्याकडे एक सांगत आलेत. तेही ऐका."

फार पूर्वी, म्हणे, या पाण्याला रंगच नव्हता. आभाळ असेल तसं ते दिसायचं. काठावर मासे मारणाऱ्यांची वस्ती होती. त्या वस्तीत एके दिवशी घाट उतरून एक बाई आली. तिचं नाव सगुणा. ती रंगारीण होती. तिकडे घाटावर पावसानं तोंड फिरवलं, विहिरी आटल्या, आणि रंगाचं काम तर सगळं पाण्याचं. म्हणून नवराबायको पाण्याच्या शोधात निघाली. नवरा वाटेत तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. नीळ, मंजिष्ठ, हळद आणि हिरडे यांची गाठोडी एका बैलाच्या पाठीवर घालून सगुणा एकटीच पुढे चालत राहिली. जिथे भरपूर पाणी दिसेल तिथे थांबायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. घाट उतरल्यावर जे पाणी दिसलं ते संपेचना. तिनं धावत जाऊन ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. असं सांगतात की ती वाळूत बसून आधी हसली, आणि मग पुष्कळ वेळ रडली.

गावानं तिला गोड्या पाण्याच्या व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, उतारावर झोपडी बांधू दिली. बायका लुगडी रंगवायला देऊ लागल्या. पुरुषांनी होड्यांची शिडं दिली. सगुणेचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे, कितीही घासले तरी न निघणारे. तिला रंगांची नावं अशी यायची जशी आपल्याला सोयऱ्यांची येतात. अबोली, अंजिरी, मोतिया, शेवाळी, कुसुंबी, अस्मानी. होड्यांच्या म्होरक्याची, तांडेलाची, बायको भागी कालवं काढायला निघाली की वाटेत तिच्याकडे टेकायची. सगुणा तिला रंग सांगायची, भागी तिला पाणी सांगायची. कुठे खडक आहे, कुठे पाय ठेवू नये, भरती कुठून चढते.

"ओहोटी लागली काय सगळा पाणी मदल्या वाटेनच भायर जाता," भागी म्हणायची. "होडयेपण त्याच वाटेन येतत. बाकी सगळीकडे दगड."

मग एक वर्ष असं आलं की मासा आत आलाच नाही. जाळी रिकामी येऊ लागली. सगुणा कापड व्हाळात धुवायची, आणि व्हाळाचं रंगीत पाणी खाली येऊन मिळायचं ते याच पाण्यात. लोकांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

भागीचा नवरा दुलबा हा गावचा मुख्य तांडेल. माणूस वाईट नव्हता, पण कडक होता, आणि घरोघरच्या चुली त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं सगुणेला सातेरीच्या देवळात बोलावलं. आमच्याकडे सातेरी म्हणजे वारूळ. त्या वारुळासमोर सगळं गाव जमलं.

"तुझो रंग पाण्यात उतारता नि मासो पळता," दुलबा म्हणाला. "गावात रवाचा आसात तर देवीसमोर शपथ घी."

"कशाची घिऊ?" सगुणेनं विचारलं.

"तुका जा सगळ्यात प्यारा आसात, तेची."

 नवऱ्याची घ्यावी तर नवरा नव्हता, लेकराची घ्यावी तर लेकरू नव्हतं. तिनं आपले हात पाहिले, देवळात उभ्या असलेल्या बायकांची लुगडी पाहिली. मग वारुळाला हात लावून म्हणाली, "यापुढं माज्या हातनं या पाण्यात रंगाचा थेंब पडला, तर माज्या डोळ्यातला समदा रंग, आई, तू काढून घे."

 दुलब्याला एवढी मोठी शपथ नको होती, असं म्हणतात. पण घेतलेली शपथ परत फिरवता येत नाही.

त्या दिवसापासून सगुणा कापड धुतलेलं पाणी हंड्यानं उतारावर चढवून नेई आणि सड्यावरच्या खड्ड्यात ओती. पाठीला बाक आला, पण थेंब खाली येऊ दिला नाही. पुढच्या वर्षी मासा आला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आला नाही. मासा आपल्या मर्जीनं येतो नि जातो, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तरी शपथेचा विषय कोणी काढला नाही. दुलबा तिच्या झोपडीपुढून जाताना मान खाली घालून जाई.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा दर्यात जाऊ लागल्या, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी आभाळ स्वच्छ होतं, सगळ्या होड्या बाहेर होत्या. दुपारी वारा एकाएकी फिरला. बघता बघता समुद्र काळा झाला. होड्या माघारी वळल्या, पण आत यायची वाट सापडेना. सड्यावर दोन उंच माड होते, ते एकामागे एक दिसले की होडी वाटेवर आहे असं तांडेल समजत. ते दोन्ही माड वाऱ्यानं पाडले. खडकावर फेस, वाटेवरही फेस. आतलं पाणी ढवळून चिखलासारखं झालेलं. एका होडीनं धीर करून मुसंडी मारली, ती खडकावर आपटली आणि फुटली. तिच्यातली माणसं लाटांनीच कशीबशी काठाला आणून टाकली. बाकीच्या होड्या बाहेरच थांबल्या. पण थांबायला समुद्र देत नव्हता.

सगुणा उतारावर उभी राहून हे बघत होती. प्रत्येक शीड तिच्या हातचं होतं, त्यामुळे कुठल्या होडीत कोण आहे हे तिला लांबून कळत होतं. कावेच्या रंगाचं शीड दुलब्याचं. ते सगळ्यांत मागे होतं, आधी दुसऱ्यांना आत घालायचं म्हणून.

ती झोपडीत गेली. दसऱ्यासाठी तिनं रांजण भरून रंग केले होते. सगुणेनं झाकणं काढली. त्या रंगांकडे ती किती वेळ बघत राहिली, हे कोणाला माहीत नाही. बाहेर आली आणि काठावर छाती पिटणाऱ्या बायकांतून तिनं भागीला ओढून काढलं.

"भागी, ओहोटी लागली का?"

"लागली."

"मग चल. रांजण उचलू लाग."

भागीला एकदम कळलं. तिनं सगुणेचा हात धरला. "सगुणे, तुझी शपथ गो!"

"शपथ माजी हाय," सगुणा म्हणाली. "रांजण जड हाय. त्येवढा उचल."

बायकांनी रांजण खाली आणले. जिथून मधली वाट सुरू होते तिथे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून सगुणेनं आधी नीळ सोडली. ओहोटीनं ती ओढून घेतली आणि सरळ बाहेर नेली. चिखलातून निळी दोरी उलगडत जावी तशी ती खडकांमधून समुद्राकडे गेली. मग मंजिष्ठ. कालवं काढणाऱ्या बायकांना पाण्याखालचा दगड न् दगड माहीत होता. त्या एकमेकींचे हात धरून लाटांत उभ्या राहिल्या आणि दाखवू लागल्या, इथे, इथे. सगुणा तिथे तांबडा ओतत गेली. शेवटी हळदीचा रांजण उरला. तो तिनं निळीच्या दोन्ही अंगांना रिता केला, आणि पिवळ्यात निळं मिसळून ते पाणी हिरवं झालं.

लाटा वरून फुटत होत्या. तसं पाहिलं तर रंग क्षणात विरायला हवे होते. पण म्हणे ते विरले नाहीत. जिथले तिथे उभे राहिले.

आणि पाण्यात रंग चढत गेला तसतसा तो सगुणेच्या डोळ्यांतून उतरत गेला. आधी तांबडा गेला. शेजारी उभ्या भागीचं कुसुंबी लुगडं तिला राखेसारखं दिसलं. मग हिरवा गेला, आणि सड्यावरची झाडं जळाल्यासारखी झाली. निळा सगळ्यांत शेवटी गेला. तिनं हात वर करून पाहिले. ते दुसऱ्याच कोणाचे तरी असावेत असे दिसले.

निळी वाट धरून होड्या एकामागून एक आत आल्या. दुलब्याची शेवटी आली. तो उतरला तेव्हा बायका सगुणेभोवती बसल्या होत्या, आणि कोणी काही सांगायच्या आधीच त्याला सगळं समजलं. तो तिच्यासमोर वाळूत बसला. 

"तुमचं शीड फाटलंय," सगुणा म्हणाली. "आणून टाका उद्या."

दुसऱ्या दिवशी गावानं सातेरीला गाऱ्हाणं घातलं. शपथ आम्ही घ्यायला लावली, दोष आमचा, तिचे डोळे तिला दे. कौल लावला, वारुळाला फुलांचे कळे चिकटवले. एकही कळा ना उजवीकडे पडला, ना डावीकडे. देवीनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सगुणेला सगळं दिसत होतं, माणसं, होड्या, लाटा. फक्त ते सगळं राखाडी होतं.

वादळ ओसरलं, गाळ खाली बसला, तरी रंग तसेच राहिले. लोक सड्यावर उभे राहून तासन्‌तास बघायचे. सगुणा विचारायची, "कसं दिसतंय?" आणि जो तो सांगायचा, "लय बरा दिसता."

मग दुलब्यानं एक दिवस तिला होडीत बसवलं आणि मधोमध नेऊन वल्हं थांबवलं.

"हय पाणी निळ्या रंगाचा आसा," तो म्हणाला.

"निळा म्हंजी कंचा?"

"निळो म्हंजे निळो."

"तांडेल, तुमच्याच बायकूच्या लुगड्याला मी निळ्याच्या किती तऱ्हा दिल्या. कंचा निळा, नीट बघून सांगा."

दुलबा वाकला. सारा जन्म त्यानं पाणी बघितलं होतं, ते माशासाठी आणि दगडासाठी. रंगासाठी त्यानं ते पहिल्यांदाच बघितलं. बराच वेळ गेला.

"मोराची मान," तो म्हणाला. "उन्हात वळवल्यार कशी दिसता, तसो."

सगुणेनं डोळे मिटले.

"आन् पलीकडं?"

"ता... केळीचा कवळा पान. अजून उलगडूक नाय तसा." तो आता होडीच्या कडेला ओणवाच झाला होता. "आणि दगडावर, सगुणे, पिकान फुटलेल्या रातांब्यासारखा. सालीचो रंग नाय, आतलो."

"दिसला," सगुणा म्हणाली. मिटल्या डोळ्यांतून तिचं पाणी गालांवर आलं. तांडेल दुसरीकडे तोंड फिरवून बसला. त्याचेही डोळे भरले होते, असं भागीनं पुढे आपल्या सुनांना सांगितलं म्हणतात.

सगुणा त्यानंतर खूप वर्षं जगली. कापडं रंगवीत राहिली. रंगाची ओल तिचे हात ओळखत, आणि रंग चढला का नाही हे भागी बघून सांगे. संध्याकाळी होड्या परतल्या की प्रत्येक होडीतला कोणीतरी तिच्या झोपडीशी थांबून आजचं पाणी कसं होतं ते सांगून जाई. ढगाळ दिवसाचा रंग वेगळा, थंडीतला वेगळा. उगाच काहीतरी सांगितलेलं तिला चालत नसे. ती गेली त्या दिवशीही होड्या परतल्या. माणसं सवयीनं झोपडीपर्यंत आली, रिकामं दार बघून थांबली, आणि मग खाली जाऊन पाण्यालाच सांगून आली.

ती गेल्यापासून इथे कोणी जाळं टाकत नाही. आणि आजही आत आलेल्या होडीतल्या प्रत्येकानं सगुणेला एक रंग सांगायचा असतो. नुसतं निळा, हिरवा म्हटलं तर बाबलकाका मान हलवतात आणि थांबून राहतात. सुरुवातीला पाहुणे लाजतात. मग कोणी म्हणतं लग्नातल्या शालूच्या काठासारखा, कोणी म्हणतं आजीच्या बांगडीसारखा. परवा लातूरकडचे एक गृहस्थ आले होते. बायको-मुलांचं सांगून झालं तरी ते कडेला वाकून बघतच होते. 

"हरभरा," शेवटी ते हळूच म्हणाले. "घाटा भरत आलेला असतो ना, सकाळी दव असतं त्याच्यावर. तो हिरवा."

बाबलकाकांनी हरभऱ्याचं शेत कधी पाहिलेलं नाही. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पाण्याकडे तोंड करून मोठ्यानं हाक दिली, "सगुणे, दव पडलेल्या हरभऱ्याचो हिरवो गो!"