बर्फाचे लग्न

फार फार वर्षांमागे, जिथे डोंगर चढता चढता झाडे दमून मागे राहतात आणि पुढे नुसता दगड अन् बर्फ उरतो, अशा उंच मुलखात दोन गावे होती. मध्ये खोल दरी. एका अंगाला दिवसभर ऊन, म्हणून ते उन्हाचे गाव. दुसऱ्या अंगाला सूर्य जेमतेम डोकावायचा, म्हणून ते सावलीचे गाव. दोन्ही गावांना पाणी देणारा ओहोळ मात्र एकच, आणि दरवर्षी पेरणीच्या वेळी त्या पाण्यासाठी काठ्या निघत.

उन्हाच्या गावात एक मेंढपाळ राहत होता. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका झटापटीत त्याचा धाकटा भाऊ कड्यावरून खाली गेला. मेंढपाळ तेव्हा समोरच्या उतारावर मेंढरे चारत होता. लांबून त्याला एवढेच दिसले, की भाऊ कड्याच्या टोकाशी आहे, आणि त्याच्यापुढे सावलीच्या गावचा लोहार उभा आहे. हात लांब केलेला, पंजा पसरलेला. पुढच्या क्षणी तिथे लोहार एकटाच होता.

त्या दिवसापासून मेंढपाळाने लोहाराला शिव्याशाप दिल्याशिवाय घास तोंडात घातला नाही.

मग असा एक उन्हाळा आला, की ओहोळ बोटाएवढा झाला. जव कणसावर येण्याआधीच पिवळे पडले. लोक गाव सोडायच्या गोष्टी बोलू लागले. तेव्हा एका म्हाताऱ्या सुइणीने दोन्ही गावांना ओहोळाकाठी बोलावले. दोन्हीकडची निम्मीअधिक माणसे तिच्याच हातांवर जन्मली होती, त्यामुळे तिचा शब्द कोणी मोडत नसे.

"भांडायला तरी पाणी उरलंय का रे?" ती म्हणाली. "आता एकच उपाय. माझी आजी सांगायची, बर्फातही नर असतो आणि मादी असते. उन्हाच्या डोंगरावरचं पांढरंशुभ्र बर्फ ती मादी. सावलीच्या डोंगरावरचं काळं, खडे मिसळलेलं, तो नर. दोघांना सूर्य पोचत नाही अशा घळीत नेऊन त्यांचं लग्न लावायचं. मग बर्फ वाढतं आणि पाणी देतं."

कोणीतरी हसले. "आजी, बर्फाच्या लग्नाला वऱ्हाडी कोण?"

"तुम्हीच. नेम तेवढे पाळा. पाठीवरची टोपली वाटेत जमिनीला टेकवायची नाही. दमलात तर जोडीदाराच्या पाठीवर द्यायची. आणि घळीत शेवटचा दगड रचून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही."

"पाणी किती दिवसांनी येईल?"

"दिवसांनी नाही, बाबा. दहा-बारा वर्षं जातील. मी काही ते पाणी प्यायला नसेन."

हे ऐकल्यावर मात्र कोणी हसले नाही.

बारा टोपल्यांना चोवीस माणसे ठरली. प्रत्येक जोडीत एक या गावचा, एक त्या गावचा. जोड्या सुइणीनेच लावल्या, आणि मेंढपाळाचा हात धरून तिने त्याला लोहारापुढे उभे केले.

"आजी, याच्याबरोबर मी चालणार नाही!" मेंढपाळ ओरडला.

"तू त्याच्याबरोबर चालू नकोस, बर्फाबरोबर चाल," सुईण म्हणाली. "तुम्हा दोघांनाही मीच जगात आणलंय. रडलात अगदी सारखे."

लोहार मान खाली घालून उभा राहिला.

उजाडताच वरात निघाली. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. चोवीस माणसांच्या पावलांखाली खडी कुरकुरत होती, तेवढाच आवाज. मेंढपाळाच्या पाठीवर पांढरे बर्फ होते. त्याचे थंडगार थेंब मणक्यावरून ओघळत होते. पोटात मात्र आग पेटली होती. तोंड उघडता येत नव्हते, म्हणून सगळ्या शिव्या तो मनातल्या मनात मोजत होता.

पहिल्यांदा टोपली द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने तोंड फिरवले. पाठीला पाठ लावावी लागली, लोहाराचा श्वास ऐकावा लागला. पण चढ संपेना आणि अदलाबदलीही संपेनात. पाचव्या-सहाव्या खेपेला मेंढपाळाच्या लक्षात आले, की आपल्याला ओझे उचलावे लागू नये म्हणून लोहार दर वेळी आधीच गुडघ्यांत वाकतो. त्याला हे आवडले नाही. पण दिसले ते दिसलेच.

दुपार कलली तेव्हा ते एका अरुंद कपारीवर पोचले. एका बाजूला भिंतीसारखा कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. टोपली लोहाराच्या पाठीवर होती. मेंढपाळाच्या पायाखालचा दगड निसटला आणि तो घसरत खाली गेला. नखे दगडात रुतवून तो कसाबसा लटकला. ओरडणे घशापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

त्याने वर पाहिले.

लोहार छातीवर पालथा पडला होता. पाठीवर टोपली तशीच. त्याचा हात लांब झालेला, पंजा पसरलेला.

तोच हात! तीन वर्षे रोज डोळ्यांपुढे येणारा तोच हात, तसाच. दरीपलीकडून पाहिले तेव्हा तो ढकलणारा वाटला होता. आज खालून पाहताना तो धरायला आला होता.

मेंढपाळाने तो हात घट्ट पकडला. लोहाराच्या खांद्यातून कटकन आवाज आला, त्याचा चेहरा वेदनेने पांढराफटक पडला, पण त्याने ना तोंड उघडले, ना टोपली कलू दिली. मेंढपाळ वर आला. त्याने टोपली आपल्या पाठीवर घेतली, आणि ती शेवटपर्यंत पुन्हा दिली नाही. सकाळपासून मोजलेल्या शिव्या कुठे गेल्या कोण जाणे. आता मनात एकच प्रश्न होता, आणि विचारायची सोय नव्हती.

घळ आली. कधीच सूर्य न पाहिलेली, निळसर अंधाराची. खाली काळे बर्फ ठेवले, वर पांढरे. मध्ये बरोबर आणलेला कोळसा आणि जवाचा भुसा पसरला, भोवती दगड रचले. सभोवती मोठमोठी शिखरे संध्याकाळच्या उन्हात केशरी झाली होती. लग्नाला जमलेल्या थोर वडीलधाऱ्यांसारखी ती गप्प उभी होती. माणसांच्या अंगावर काटा आला. एवढा मोठा डोंगर आपल्याकडे कान लावून बसला आहे, असे प्रत्येकाला वाटले.

शेवटचा दगड बसला. आता बोलायला मोकळीक होती.

अखेर मेंढपाळ म्हणाला, "त्या दिवशी… तू त्याला धरत होतास?"

"बाही हातात आली," लोहार म्हणाला. "नुसती बाही. ती फाटली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, आमच्या गावात. तुमच्या गावात कोण ऐकणार होतं?" लोहाराने दुखरा खांदा दाबून धरला. "आणि खरं सांगू? धरता आलं नाही ना, तर मलाही मीच ढकलल्यासारखं वाटत राहिलं."

मेंढपाळाने कमरेचा पट्टा सोडला आणि लोहाराचा दुखावलेला खांदा हळूहळू बांधला. बांधता बांधता तो भावासाठी रडला. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

वर्षे गेली. सुईण चौथ्या वर्षी वारली. कंटाळून काही घरे निघूनही गेली. मागे राहिलेल्यांनी आहे तेवढे पाणी मोजूनमापून वाटून घेतले. दर हिवाळ्याच्या तोंडाशी मेंढपाळ आणि लोहार दोघे घळीत जात, ढासळलेले दगड सारखे करत आणि परत येत.

तेराव्या उन्हाळ्यात ते वर गेले आणि जागीच थबकले. बर्फाने आता दगड पार गिळून टाकले होते. घळीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ते पसरले होते, आतून निळे. काळे कुठले, पांढरे कुठले, काही ओळखू येत नव्हते. त्याच्या पायथ्यातून मनगटाएवढी धार उसळत खाली निघाली होती. आता केस पिकलेल्या त्या दोघांनी हात जोडले आणि मग ओंजळी भरून ते पाणी प्यायले.

त्या पाण्यावर दोन्ही गावांचे जव पिकले. पाण्यापायी त्या कड्यावरून पुन्हा कोणाचा जीव गेला नाही.

म्हणून, लहानथोरांनो, ध्यानात ठेवा : दुरून पाहून माणसाला दोष देऊ नये, त्याच्याबरोबर ओझे वाहावे, मगच तो खरा कळतो.