दुसरी टाकी

"...मग आंबली कशी, बाबा? द्राक्षं माझ्या बापाच्या जमिनीतली. बाग मी जोपासली. आणि वाइनचं झालं व्हिनेगर!"

भिकाजी तात्यांनी बाटली बाबांपुढं आदळली. टेकडीवरच्या मठात दुपारचं आणखी कुणी नव्हतं. मागं पुतण्या हर्षल दातओठ खात उभा.

बाबांनी वास घेतला. शिंकले.

"कुणी केली?"

"ह्यानं! कॉलेज सोडून वाइन शिकून आलाय. भावाचं पोरगं म्हणून बागेत वायनरी काढू दिली, तर पहिलीच टाकी नासवली."

"झाकण कोण उघडत होतं, तात्या?"

"मोठ्यांच्या मधे बोलू नको."

"हवा लागली की वाइन आंबते, बोंबलून सांगितलं. व्याही आले, उघडा झाकण. सोसायटीचा चेअरमन आला, उघडा. परवा पत्रिका द्यायला आलेल्या बाईलासुद्धा..."

"मग? घरात नवी सून आली की आल्यागेल्याला तोंड दाखवत नाहीत? लोक एवढे चालून येतात, त्यांना काय बंद पत्रा दाखवू?"

वय झालं की ऐकू कमी येतं म्हणतात. तात्यांचे कान चांगले शाबूत होते.

"आता काय उरलंय?" बाबांनी विचारलं.

"दुसरी टाकी," हर्षल म्हणाला. "तेवढीच. तीही गेली तर हे वायनरी मोडून मंगल कार्यालय बांधणार. गावभर सांगून झालंय."

"बांधणारच! म्हणून तर आलोय, बाबा. उद्या तुम्ही या. झाकण मी उघडतो. तुम्ही आत तीर्थाचे दोन थेंब टाका. तुमचा हात लागला की सगळं..."

हर्षलनं कपाळ बडवून घेतलं. "अहो, आत्ता काय सांगितलं मी?"

"गप रे! बाबांच्या हातानं कधी कुणाचं वाईट झालंय?"



बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि हातांवरच बसले.

तात्या पाया पडायला वाकले. डोक्यावर हात काही येईना. वाकलेलेच राहिले...

"बाबा, आशीर्वाद?"

"देतोय की. मुंग्या आल्यात हातांना. ये, तूही बस असा."