पोथीशाळेचा शत्रू

“पाकशास्त्राची पोथी कुणी खाल्ली?” राजा शार्दूलसेन गरजला. त्यानं पान उचलून धरलं, तर भोकांतून अख्खा दरबार दिसत होता!

म्हातारे पोथीपाल त्र्यंबकपंत हात जोडून पुढे आले. “महाराज, वाळवी, उंदीर, ओल... शत्रू पुष्कळ आहेत!”

“पुष्कळ नकोत! सर्वांत मोठा कोण, त्याला उद्या जिवंत हजर करा. नाहीतर तुम्ही तुरुंगात!”

पोथीशाळेत परतून पंत कपाळाला हात लावून बसले. “वाळवी एक वेळ डबीत भरून नेईन गं ठकू. पण ओलीला दोरी कशी बांधू?”

ठकू पोथ्या गुंडाळायची लाल फडकी शिवायची. पंतांनीच तिला अक्षरं शिकवली होती. त्यांना बेड्या पडलेल्या तिला कशा बघवणार?

“पंत, रडायचं मग. आधी मोजू तर, कुणी किती खाल्लं!”

दोघांनी दिवसभर कपाटं उपसली. नासलेली पानं भरली एकशे बारा. वाळवीची नऊ, उंदरांची सहा, ओलीची अकरा. बाकी सगळ्या पानांवर तुपाचे डाग, आणि डाग तेवढे झुरळांनी कुरतडलेले!

पंतांनी एक डाग हुंगला आणि ते पांढरेफटक पडले. पोथी वाचता वाचता लाडू हाणणारा राज्यात एकच होता.

“ठकू, नाव घेऊ नकोस! जीभ छाटतील!”

“मी कशाला घेऊ? तो आपल्या पायांनी येईल!”

दुसऱ्या दिवशी तिनं राजापुढे चौरंगावर पाकशास्त्राची दुसरी पोथी उघडून ठेवली. शेजारी तुपानं थबथबलेले बेसनाचे लाडू.

“कुठाय शत्रू?” राजानं विचारलं.

“आमिष लावलंय, महाराज. तोवर आपण जरा वाचत बसावं.”

पान निघालं पुरणपोळीचं! राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. डोळे अक्षरांवर, हात ताटात! एक लाडू गेला, दुसरा गेला. मग त्यानं बोट चाटलं आणि पान उलटलं.

“सापडला!” ठकू ओरडली.

शिपायांनी भाले रोखले. “कुठे? कुठे?”

“महाराज, हलू नका! त्याची बोटं अजून पानावरच आहेत!”

राजानं खाली पाहिलं. तुपाचे ठसे लखलखत होते. पंतांनी डोळे गच्च मिटले.

“म्हणजे... आम्ही?”

“वाळवीला औषध आहे, महाराज, उंदराला मांजर आहे. पण राजाला ‘हात धू’ म्हणायची छाती कुणाची?”

राजानं आपली तुपकट बोटं न्याहाळली. मग राजा पोट धरून हसायला लागला. “पंत, सुटलात! आणि ठकू, आजपासून पोथीशाळा तुझ्या ताब्यात. ही घे किल्ली!”

ठकूनं हात मागे घेतला. “थांबा महाराज, आधी पाणी आणते. किल्लीलाही तूप लागलंय!”

राजा असा खदखदला, की उरलेले लाडू ताटातून घरंगळले!